पट्टीखालची ओळ

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस गेला होता आणि शहर मात्र वाढतच होतं. जळगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं मोडून प्लॉट पडले होते, प्लॉटांवर घरं उभी राहिली होती आणि नळाची लाईन त्या घरांच्या बरीच अलीकडं थांबली होती. अशा वस्त्यांना टँकरनं पाणी जाई. टँकर पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या कार्यालयात मी नोकरीला होते. कोणत्या गल्लीत कोणता टँकर किती वाजता जाणार, याची रोजची यादी छापून ड्रायव्हरांच्या हाती देणं हे माझं काम.

यादी तयार होई ती एका वेबपानावर. वेगवेगळ्या भागांतली माणसं आपापल्या गल्ल्या त्यात भरत आणि मला त्याचा कागद करावा लागे, कारण ड्रायव्हर मोबाईलवरचं काही मानत नसत. यादीत नसलेल्या गल्लीत टँकर उभा केला म्हणून मागच्या उन्हाळ्यात एकाचं काम गेलं होतं. तेव्हापासून त्यांचा नियम एकच. शिक्क्याच्या कागदावर गल्लीचं नाव असेल तर पाणी, नसेल तर नाही.

वेबपानाचा कागद करणं ऐकायला सोपं वाटतं. बटण दाबलं की झालं. पण वेबपान खाली कितीही लांब जातं आणि कागद एका ठिकाणी संपतो. सगळी भांडणं त्या काठावर होतात. सुरुवातीला आमच्या यादीतली अक्षरं फुटायची, नावांच्या जागी रिकामे चौकोन यायचे. योग्य फॉन्ट घातला, ते थांबलं. मग उजवीकडचा वेळेचा रकाना कागदाबाहेर जाऊ लागला. तक्ता रुंद होता. मी सगळे रकाने पाहिले आणि ज्याच्यावाचून कुणाचं अडणार नाही असा एक काढून टाकला. तो होता अनुक्रमांकाचा. वेळ कागदावर आली.

त्यानंतर तिसरी अडचण निघाली. यादी तीन पानांची असे. ड्रायव्हरांच्या केबिनमध्ये पानं सुटी होत आणि एकदा एक जण कालचं दुसरं पान घेऊन फिरला. साहेब म्हणाले की प्रत्येक पानावर तारीख हवी. मी पानाच्या माथ्यावर एक पांढरी पट्टी बसवली, तीत तारीख आणि कार्यालयाचं नाव. ही पट्टी जागची हलत नसे, जितकी पानं तितक्या वेळा आपोआप छापली जाई. पहिल्या पानावर तिच्यासाठी जागा सोडलेलीच होती. कागद इतका नीट दिसू लागला की साहेबांनी तो हातात घेऊन दोनदा पाहिला.

मी हिशेबाला पक्की समजली जाते आणि मलाही तसंच वाटत होतं. छापून झालं की शेवटच्या पानावरची एकूण खेपांची बेरीज मी पडद्यावरच्या बेरजेशी रोज जुळवायची. बासष्ट तर बासष्ट. मग शिक्का. ती बेरीज वेबपान आपल्या पोटातल्या नोंदींवरून करतं, कागदावर उमटलेल्या ओळी ते मोजत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून मी तीच रोज जुळवत होते.

पट्टी बसवल्यापासून एक बारीक दोष दिसू लागला. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर, पट्टीच्या खालच्या कडेला, काळे बारीक ठिपके येत. मुंग्या ओळीनं बसाव्यात तसे. मला वाटलं प्रिंटरचा रोलर खराब झाला. शहागंजातून आमचा नेहमीचा मेकॅनिक बोलावला. पिकलेल्या दाढीचा, मशीनशी बोलत काम करणारा माणूस. त्यानं मशीन खोलली, पुसली, कोरा कागद काढून दाखवला. कागद स्वच्छ होता.

"मशीन में नक्को ढूंढो मॅडम," तो म्हणाला. "जो आ रा, अंदर से आ रा."

मी त्याला चहा पाजला आणि पाठवून दिलं. ठिपके होते तिथंच राहिले.

माझी मोठी नणंद, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, जळगाव रस्त्यापासून आत असलेल्या अशाच एका वस्तीत राहायच्या. यजमान अर्धांगवायूनं दोन वर्षं खाटेवर, आणि घरात तिसरं कुणी नाही. खाटेवरच्या माणसाला पाणी किती लागतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. त्यांच्या गल्लीला दर तिसऱ्या दिवशी एक खेप मिळे. दारात दोन निळे ड्रम, ते भरले की तीन दिवस कसेबसे निघत.

एक दिवस त्यांचा फोन आला की खेप आली नाही. मी म्हटलं, भरण्याच्या ठिकाणी दाब कमी असेल, रोज दोन-चार खेपा पडतातच, पुढच्या पाळीला येईल. हे खोटं नव्हतं. रोज दोन-चार खेपा पडतच होत्या. दुष्काळात खेपा कमी भरल्या तर कुणी विचारत नाही, जास्त भरल्या तर विचारतात.

तीन दिवसांनी पुन्हा फोन. आता सहा दिवस झाले होते.

"अगं, आज बी नाय आला. ड्रायव्हर म्हणतो कागदावर तुमची गल्लीच नाय."

मी पडद्यावर त्यांची गल्ली काढली. होती. टँकरचा नंबर होता, वेळ होती. मी त्यांना ते वाचून दाखवलं. ड्रायव्हर खोटं बोलतोय, त्याला धरून विचारा, असंही म्हणाले.

आक्का म्हणाल्या, "तू पडद्यावर बघतीस. तो कागदावर बघतो."

"आक्का, कागद मीच काढते."

"व्हय. तुझा कागद लई चांगला आसतो, आमचे बंधू सांगत आसतात. पाणी तेवढं नाय त्याच्यात."

पलीकडच्या गल्लीनं दोन दिवस घागरी दिल्या होत्या, आता त्यांनीही हात आखडता घेतला होता. वस्तीच्या मागं एक जुनी दगडाची खदान होती. तिच्या तळाला हिरवं पाणी उरलं होतं. बायका उतरू लागल्यात, उद्या मी पण जाते, निदान ह्यांचे कपडे तरी निघतील, असं त्या म्हणाल्या. मी खदान पाहिलेली होती. वाट अशी नव्हतीच, तुटलेल्या दगडांची एक घसरण होती. मी बजावलं की तुम्ही उतरायचं नाही, मी बघते. त्यांनी हो किंवा नाही न म्हणता फोन ठेवला.

त्याच वेळी फाईल काढायला हवी होती. कार्यालयाची प्रत माझ्याच मागच्या कपाटात होती, उठून चार पावलं. पण बेरीज जुळलेली होती आणि जुळलेल्या बेरजेवर माझा विश्वास माणसांपेक्षा जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची यादी वाटून झाली. कालच्या यादीचे कागद ड्रायव्हर परत जमा करत होते. आक्कांच्या भागात जाणाऱ्यानं आपली तीन पानं माझ्या टेबलावर ठेवली आणि तो तिथंच उभा राहिला. सावकाश बोलणारा, पन्नाशीचा माणूस. त्या गल्लीतल्या बाया रोज शिव्या देतात, म्हणाला. काल एकीनं टँकरसमोर रिकामी घागर आडवी ठेवली.

"नाव नाय तर मी काय करू, मॅडम? तुम्ही एकदा लिव्हा, मी दोनदा जातो."

मी त्याच्यासमोर ओळींखाली मोजपट्टी धरून मोजू लागले. पहिल्या पानावर चोवीस. दुसऱ्यावर तेवीस. तिसऱ्यावर तेरा. साठ. खाली छापलेलं होतं बासष्ट. पुन्हा मोजलं. साठच. अनुक्रमांक असते तर चोविसानंतर सव्वीस आलेला शाळेतल्या पोरालाही दिसला असता. ते मी काढले होते.

मग मी दुसरं पान उजेडाला धरलं आणि ते ठिपके पाहिले. ते ठिपके नव्हतेच. पट्टीखाली एक आख्खी ओळ दबली होती आणि तिच्यातल्या उकारांची शेपटं तेवढी कडेच्या बाहेर आली होती. पट्टी प्रत्येक पानावर छापली जात होती, पण पहिल्या पानाखेरीज कुठंच तिच्यासाठी जागा सोडलेली नव्हती. ती सरळ पहिल्या ओळीवर बसत होती आणि पांढरी असल्यानं काही झाकलंय असं वाटतही नव्हतं.

पट्टी काढून तीच कालची यादी पुन्हा छापली. दुसऱ्या पानाच्या अगदी वर आक्कांची गल्ली आली. टँकरचा नंबर, वेळ, सगळं.

दुरुस्तीला वीस मिनिटंही लागली नाहीत. तारीख मी तक्त्याच्याच शीर्षओळीत घातली. ती ओळ प्रत्येक पानावर येते आणि खालच्या ओळींना खाली सरकवते, त्यांच्यावर बसत नाही. अक्षरं थोडी लहान करून अनुक्रमांक परत आणले. एक ते बासष्ट. मग फाईलमधल्या प्रती काढून टेबलावर मांडल्या. पट्टी बसवल्याला त्या दिवशी सात दिवस होते. रोज दोन ओळी, म्हणजे चौदा खेपा. तीन याद्या आळीपाळीनं चालत, म्हणून गल्ल्या सहाच, पण त्याच त्याच. त्यात त्या सकाळी वाटलेली यादीही धरली होती. त्या यादीतल्या दोन गल्ल्यांच्या तीन पाळ्या बुडाल्या होत्या. त्यांना नऊ दिवस पाणी नव्हतं. आक्कांच्या गल्लीला सात दिवस झाले होते. तिथून निदान मला फोन तरी आला.

साहेबांसमोर जाऊन मी सांगितलं की चूक माझी आहे आणि सहा जादा खेपा आत्ता हव्यात. ते कागद बघत राहिले. मशीनची चूक म्हणून लिहू या, म्हणाले. मी म्हटलं, मशीननं मी सांगितलं तेच केलं. त्यांनी सही केली.

आक्कांना फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. टँकर भरेपर्यंत मी पाच वेळा लावला. मग त्याच ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसून निघाले. भर दुपार होती. भरलेला टँकर हळू चालतो. रस्त्याकडेला नव्या प्लॉटांचे रंगीत दगड एकामागून एक मागं जात होते आणि प्रत्येक ठिकाणी चोवीस तास पाण्याची पाटी होती.

गल्लीत दारोदार ड्रम उपडे घातलेले होते. आक्कांचं दार उघडं होतं. आत खाटेवर त्यांचे यजमान होते. खोलीला येणाऱ्या वासाबद्दल मी लिहिणार नाही. त्यांना नीट बोलता येत नसे. त्यांनी चांगला हात उचलून मागच्या बाजूला दाखवला आणि तो हात तसाच धरून ठेवला.

खदानीच्या घसरणीवर निम्म्यात आक्का एका दगडाला टेकून बसल्या होत्या. जवळ एक शेजारीण होती. घागर तळाला जाऊन पडली होती, ती वरून दिसत होती. आक्कांनी डावं मनगट उजव्या हातात धरलं होतं आणि ते जिथं वळू नये तिथं वळलेलं होतं. तिथं बसून किती वेळ झाला हे त्यांना सांगता आलं नाही. मी खाली उतरले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आली का खेप?"

"आली."

"आधी ड्रम भरून घे. गल्लीतल्या बाया थांबणार नाय."

मनगट पुढं जुळलं, पण पहिल्यासारखं नाही. घागर आजही त्यांना डाव्या हातानं उचलता येत नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. टोमणे मारतात, ते त्या सगळ्यांनाच मारतात.

संध्याकाळी सहाही टँकर परत आले. पाच रिकामे होते. सहाव्याच्या टाकीत अर्ध्याहून जास्त पाणी होतं. त्या उन्हाळ्यात पाणी घेऊन परत आलेला टँकर मी पहिल्यांदाच पाहत होते. ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला, घ्यायला माणसंच नव्हती. मी कागदावर ओळ पाहिली. सकाळच्या यादीतली, तिसऱ्या पानाच्या माथ्यावरची. नऊ दिवसांची.

दुसऱ्या दिवशी मी तिथं गेले. बांधकामांवर जाणाऱ्या माणसांच्या भाड्याच्या खोल्या होत्या, पत्र्याच्या, एका रांगेत अकरा. आठांना कुलपं होती. उघड्या तीनपैकी एका दारात एक बाई तांदूळ निवडत होती. तिला विचारलं, बाकीचे कुठं गेले. गेले, म्हणाली. कुणी सिल्लोडला आपल्या माणसांकडं, कुणी फर्दापूरकडं, एका घराचं तिला माहीत नव्हतं.

"पाणी नव्हतं म्हणून?"

तिनं मान वर केली नाही. "म्हणून बी. आन् त्यांचं लेकरू आजारी पडलं व्हतं."

कुणाचं, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि विचारलं नाही. परत निघताना एका कुलूपबंद दाराशेजारी थांबले. पत्र्यावर कोळशानं एका ओळीत गोल काढलेले होते. ते काय आहे हे कळायला मला वेळ लागला नाही. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा हिशेब वाचता येतो. खेपेच्या दिवशी एक गोल, आणि टँकर आला की त्यात फुली. मी बोटानं मोजलं. फुल्यांचे सतरा गोल होते. त्यांच्यापुढं तीन गोल रिकामे होते, आणि तिसऱ्याच्या पुढं नुसता पत्रा.