पुस्तकातला हळदीचा डाग

गगनबावड्याकडचा पाऊस ओसरला, की आमच्या घरात पुस्तकांना ऊन दाखवायचं असतं. परवा सून गच्चीवर पुस्तकं मांडत होती, तेव्हा तिच्या हातातलं एक मी काढून घेतलं.

"यालाच तर जास्त कुबट वास येतोय की, आत्ती."

"येऊ दे," म्हटलं.

माझ्या सुजाताचं पुस्तक ते, दहावीला बक्षीस मिळालेलं. रसायनं आणि ग्रहताऱ्यांवरचे सोपे लेख आहेत त्यात. मी शाळेची पायरी चढले नाही, अक्षरं घरीच जुळवली, म्हणून ती मला एकेक लेख वाचून दाखवायची. त्या दिवशी मी आंब्याचं लोणचं कालवत होते. वाचता वाचता तिनं परातीत बोट घालून चाटलं आणि त्याच बोटानं पान उलटलं. पानावर पिवळंधमक बोट उमटलं.

"अगं, बक्षिसाचं पुस्तक हाय ते. काय केलंस?"

ती हसायला लागली. "हळदीचा रंग उन्हात उडतोय, आई. यातच लिहिलंय. आणि ऊन सूर्यावरनं इथं यायला आठ मिनिटं लागत्यात, तवर दम धर की."

"मग ठेव उन्हात, आत्ताच्या आत्ता."

"उद्या ठेवते गं."

चार दिवस मी तिच्या मागं लागले होते. मग पाऊस लागला, आणि श्रावणात तापाचं निमित्त होऊन ती गेली. पंचवीसेक वर्षं झाली.

डाग आता फिकटलाय, पण बोटाच्या रेषा अजून दिसतात. पुस्तक मिटलं, फडक्यात गुंडाळलं आणि ट्रंकेत अगदी तळाशी ठेवलं. उन्हात रंग उडतो, तिनंच सांगितलंय.