मोकळी पिन

मुलं त्यांना पिनबाई म्हणत. तोंडावर नाही, जिन्यात. बाईंना ते ठाऊक होतं आणि राग त्या नावाचा नव्हता. राग होता तो नाव ठेवणाऱ्यांना पिन कशाशी खातात हेही कळत नव्हतं याचा.

कॉम्प्युटर पोटातून कसा चालतो, हे बाई कॉलेजात शिकवत. पहिल्या दिवशी त्या एक बंद पडलेलं मशीन टेबलावर उघडून ठेवत आणि म्हणत, "याला अक्कल नाही. वीज आहे की नाही, एवढंच याला कळतं. अक्कल आपण आणायची." मुलं मान डोलावत आणि मोबाइलवर फोटो काढत. त्या फोटोंचं पुढे काय होई, देव जाणे.

बाईंकडे ज्ञान होतं, धीर नव्हता. दुसऱ्याचा चुकणारा हात त्यांना बघवत नसे. लेकीच्या शाळेतले विज्ञानाचे प्रयोग सगळे बाईंनीच केले. बक्षिसं लेकीला मिळाली आणि लेक वकील झाली. नवरा म्हणे, "हिच्यासमोर मी साधा बल्ब बदलत नाही. आधी परीक्षा द्यावी लागते."

प्रयोगशाळेत तर रोजच जीव मेटाकुटीला येई. ब्रेडबोर्ड नावाच्या पाटीच्या भोकांत चिपचे बारीक पाय, म्हणजे पिना, बसवायच्या, वायरी खोचायच्या आणि दोन आकड्यांची बेरीज करणारं सर्किट उभं करायचं. मुलं मागच्या वर्षीच्या मुलांनी काढलेला फोटो समोर ठेवून रंगाला रंग जुळवत.

"ही पिन कुठे जाते?"

"पिवळ्या वायरला, बाई."

"आणि पिवळी वायर?"

"ती फोटोत कापली गेलीय."

कपाळावर हात मारायलाही बाईंचा हात मोकळा नसे. तो एव्हाना त्या पोराच्या बोर्डावर वायर सरळ करत असे.

अशात विभागप्रमुखांनी बोलावलं. माणूस बाईंपेक्षा लहान, आणि वाईट मुळीच नाही.

"बाई, पुढच्या वर्षीपासून हे सगळं स्क्रीनवर घेऊ. जागा मोकळी होईल, चिप जळायच्या थांबतील."

"स्क्रीनवर कधी वायर निसटते का?"

"नाही ना, तेच तर!"

"तेच तर!" बाई म्हणाल्या. दोघांनी तेच शब्द उच्चारले आणि दोघांची तोंडं दोन दिशांना होती.

शेवटी ते म्हणाले, "गुरुवारी येतो. एका जोडीनं तरी हे सर्किट स्वतः चालवून दाखवलं, तर प्रयोगशाळा राहील. शब्द देतो."

बाईंनी वेणीवालीची जोडी निवडली. ही मुलगी हळू काम करी, पण फोटो बघत नसे. तिच्याबरोबर लांब्या होता. त्याचं मुख्य काम बोर्डावर वाकणं. बुधवारी त्यांची बेरीज बरोबर आली. बाई घरी जाताना चक्क गुणगुणल्या.

गुरुवारी विभागप्रमुख आले, खुर्ची नाकारून उभेच राहिले. "दोन अधिक एक करा."

वेणीवालीनं बटणं लावली. उत्तराच्या दिव्यांनी तीन दाखवले.

"पुन्हा."

दिव्यांनी चार दाखवले. लांब्या घाबरून पुढे वाकला, त्यानं हात बोर्डाजवळ नेला, तीन. मागे सरला, चार.

"सर, मी असलो की बरोबर येतं," तो म्हणाला. वर्ग खो खो हसला. विभागप्रमुखांनाही हसू आवरेना.

बाईंना एका नजरेत दिसलं. बेरजेच्या उजवीकडच्या पहिल्या घरात हातचा येणार कुठून? तिथे शून्यच असतं. पण ते शून्यही वायरीनं जोडून द्यावं लागतं. न जोडलेली पिन म्हणजे शून्य नव्हे. ती हवेतून, हातातून, काहीही उचलते. वर्षभर हेच सांगून घसा बसला होता, आणि आज तीच पिन मोकळी.

वेणीवालीनं बोट टेकवलं आणि शेवटच्या चिपपासून मागे मागे, एकेक पिन तपासत निघाली. मध्येच थांबली, परत फिरली, तीच चिप पुन्हा पाहिली.

"अगं..." बाईंनी ओठ चावला.

विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं. दाराकडे एक पाऊल टाकलं. बोट अजून दुसऱ्याच पिनेवर रेंगाळत होतं.

बाईंनी ट्रेमधली काळी वायर उचलली, खोचली आणि मोकळी पिन शून्याला जोडली.

तीन. लांब्या भिंतीपर्यंत मागे गेला. तीनच.

"चाललं, बाई," विभागप्रमुख हळूच म्हणाले. "पण चालवलं कुणी?"

उत्तराची वाट न बघता ते गेले. जाताना त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

वेणीवालीचं बोट त्या पिनेच्या अलीकडच्याच पिनेवर होतं. "पुढची तीच होती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना. त्यांनी वायर उपसून काढली.

"शोध आता. मी बोलत नाही. हव्या तेवढ्या वेळात शोध."

दिवे पुन्हा तीन-चार, तीन-चार करू लागले. मुलीनं बोर्डाकडे पाहिलं, मग बाईंच्या हातातल्या वायरीकडे.

"आता काय शोधू, बाई? आता माहीत आहे ना."