पाचवा हायड्रोजन

मुरबे गावच्या त्या माणसाला मी बुडवलं. सरळच सांगतो, आता आडपडदा कशाला!

साठच्या दशकाची अखेर होती. आम्ही दोघं मुंबईत एकाच सरांकडे संशोधन करत होतो. माझ्या घरची पालघरकडे पानवेलींची वाडी, त्याच्या घरचं पोट होडीवर. शिष्यवृत्तीची मुदतवाढ दोघांपैकी एकालाच मिळणार होती, आणि तो माझ्यापेक्षा हुशार होता. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याला पाहिलं की अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याने बनवलेल्या पदार्थाचा एनएमआरचा कागद, म्हणजे रेणूतले हायड्रोजन दाखवणारा यंत्राचा आलेख, महिनोन्‌महिने वाट पाहून आला, तो घेऊन एका रविवारी तो आमच्या ओटीवर आला. मी मुद्दाम नाक चोळलं. "काय रे, बोंबील गुंडाळून आणलेस की काय?" तो कसानुसा हसला.

कागदावर सगळं स्वच्छ होतं. बेंझिनच्या कड्यावर समोरासमोर दोन गट बसले की चार हायड्रोजन उरतात. त्यांची आलेखावर दोन पीक, म्हणजे टोकं, येतात, दोन्ही दुभंगलेली, एकमेकांकडे झुकलेली. ती जोडी तिथे होती. पण मधोमध एक एकटं पीक उभं होतं, आणि क्षेत्रफळ मोजलं की हायड्रोजन पाच भरत होते.

"चार हवेत ना? पाच कशे?" त्याने विचारलं.

ते पीक क्लोरोफॉर्मचं होतं. नमुना त्यात विरघळवलेला, आणि नमुना चिमूटभर, म्हणून ते एवढं उंच. द्रावकाचं पीक पदार्थाचं समजण्याची हीच चूक मी आधी केली होती आणि यंत्रावरच्या माणसाने माझी सालटी काढली होती.

"मूळ पदार्थ उरलाय," मी म्हणालो. "तुझी रिअ‍ॅक्शन अर्धवट होतेय. वर्षभर घाण गोळा केलीस तू."

"नक्की?"

"मग काय, डोळे फुटलेत माझे?"

तो कागदाकडे बघत राहिला. "बापाला सांगून बसलोय, औंदा होतंय म्हणून. त्याच्यानं आता जाळं ओढवत नाय."

"मग तू ओढ की!" मी म्हणालो, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मुदतवाढ मला मिळाली. तो तारापूरच्या बांधकामावर सिमेंटच्या गोण्या मोजायला लागला.

पुढच्या वर्षी बोईसर स्टेशनवर तो समोरच आला. "ते पीक क्लोरोफॉर्मचं होतं," तो म्हणाला. "आठवड्यातच पुस्तकात सापडलं मला."

मी उलट त्यालाच म्हणालो, "मग सरांना सांगायचंस ना!"

"सांगितलं की. सर म्हणाले, मला हे कागद वाचता येत नाहीत, तुझ्या मित्राला विचारतो."

सरांनी मला विचारलं होतं. आणि मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "क्लोरोफॉर्म कसलं, सर? मूळ पदार्थच आहे तो."