मुरादिफच्या धुराड्याचा काळा धूर

मुरादिफ सुतार माझा शेजारी. पेश्तेरच्या आमच्या उघड्याबोडक्या पठारावर शेजारी म्हणजे शंभर पावलांवरचं घर. त्याचं घर गावाच्या टोकाला, त्यापुढे नुसतं कुरण. गावातले निम्मे पाळणे आणि खुर्च्या त्याच्या हातच्या, अगदी आरशासारख्या पॉलिश केलेल्या. बायको गेल्यावर एकटा राहिला, पण तोंडाचा पट्टा चालूच. माणूस भेटला नाही तर रंध्याशी भांडायचा.

आमचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. कारण सांगायला आज लाज वाटते. मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच घरी आली होती. मी चीजची थाळी पुढे केली आणि हा म्हणाला, "जपून बरं का, चाझिमचं चीज आहे. दार उघडं राहिलं तर आपल्या पायांनी चालत जाईल!" पाहुणे पोट धरून हसले. लग्न झालं, नातू झाला, पण ते हसणं काही माझ्या डोक्यातून जाईना.

त्या जानेवारीत वादळ तीन दिवस घोंघावत होतं. चौथ्या सकाळी दार उघडलं तर छातीएवढा बर्फ. अशा वेळी आमच्याकडे प्रत्येकाने आपल्या दारापासून खालच्या शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत वाट खणायची असते; माझा खालचा शेजारी म्हणजे मुरादिफ. त्याआधी सगळ्यांच्या धुराड्यांवर एक नजर टाकायची. धूर दिसला की समजायचं, घरातलं माणूस बरं आहे.

मुरादिफच्या धुराड्यातून धूर येत होता, पण काळाकुट्ट. आमच्या सुक्या सरपणाचा धूर पांढरट असतो. हा पॉलिशचा होता, मला बघताक्षणी कळलं. अंगणात लाकडांची रास असताना सुतार आपल्या खुर्च्या जाळतो, तेव्हा त्याला राशीपर्यंत जाता येत नसतं. मला हे सगळं कळलं.

"अरे माणसा, त्याच्या दारापर्यंत वाट काढ," झुम्रेता, माझी बायको, म्हणाली.

"धूर दिसतोय ना? मजेत आहे तो. एवढं वाटलं तर येईल स्वतः खणत."

"दोन वर्षं झाली त्या चीजला! अजून पचलं नाही होय?"

मी आमच्या कुंपणापर्यंत खणलं आणि फावडं खांद्यावर टाकून परत फिरलो. दिवसभरात चार वेळा दारात येऊन बघितलं. जेवढा वेळ नुसता बघत उभा राहिलो, तेवढ्यात निम्मी वाट झाली असती.

दुसऱ्या सकाळी धुराची नुसती एक रेघ उरली होती. मग मात्र मी फावडं उचललं. मी वरच्या घरांना हाका मारल्या. सगळे धावले, बायकासुद्धा, कुणी फावडं घेऊन, कुणी नुसतं घमेलं घेऊन. तासाभरात वाट झाली. मुरादिफ चुलीपाशी जमिनीवर पडला होता. वादळात लाकडं आणायला गेला, घसरला, पाय मोडला, आणि सरपटत घरात आला होता. सहा खुर्च्या जाळून झाल्या होत्या, सातवीचा पाय चुलीत होता. आम्ही त्याला घोंगड्यात गुंडाळून घसरगाडीवर बांधलं आणि आळीपाळीने ओढत हमरस्त्यापर्यंत नेलं.

गारठून काळं पडलेलं त्याचं अर्धं डावं पाऊल कापावं लागलं. "याला कालच आणलं असतं तर पाऊल वाचलं असतं," डॉक्टर म्हणाले. बाकीच्यांना ऐकून नुसतं वाईट वाटलं; काल मी काय पाहिलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं.

तो मार्चमध्ये घरी आला. गावाने पाळ्या लावून घेतल्या: कुणी त्याची गाय बघायचं, कुणी भाकरी आणायचं. लाकडं मी मागून घेतली. आणि हा येईल त्याला सांगत सुटला, "चाझिमच्या नजरेला मानलं बुवा! धुराचा रंग बघून ओळखलं यानं!" लोक माझी पाठ थोपटायचे. मी मान खाली घालून लाकडं रचत राहायचो.

एका दुपारी मी लाकडं घेऊन गेलो. तो नवीन खुर्चीचा पाय तासत बसला होता. मी पालथ्या बादलीवर टेकलो आणि म्हणालो, "मुरादिफ, तो धूर मी आदल्या दिवशीच पाहिला होता."

त्याचा हात थांबला नाही. "माहीत आहे. चुलीशेजारच्या खिडकीच्या चौकटीला धरून बघत होतो मी. चार वेळा आलास तू आपल्या दारात. काचेवर ठोकलं पण. ऐकू आलं नसेल तुला."

"नाही आलं." एवढं मात्र खरं होतं.

"मग गावभर माझं कौतुक कशाला करतोस?" मी विचारलं.

"मग काय करू, गाढवा? खरं सांगून टाकलं तर तू तोंड लपवून बसशील. पुढच्या वादळात माझ्याकडे खणत कोण येणार? तुझ्याशिवाय आहे कोण इकडे?"

"माफ कर मला," मी म्हणालो.

"ते नंतर बघू. आधी लाकडं आत घे."

याला चार हिवाळे झाले. त्याचं ते 'नंतर' अजून आलेलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलेलं नाही. गावात कुणी नवा माणूस आला की तो लंगडत पुढे होतो, माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि माझ्या नजरेची गोष्ट पहिल्यापासून सांगतो. मी शेवटपर्यंत तिथेच उभा राहतो.