बारा 'स' आणि एक शिट्टी

दातकाका एकसष्ट वर्षांचे होते, आणि त्यातली चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या कवळ्या घडवण्यात घालवली होती. पुतणीचा दातांचा दवाखाना पुढच्या खोलीत, त्यांचं कामाचं टेबल मागच्या खोलीत. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. माणसाचं नाव विसरायचे, पण जबडा एकदा पाहिला की जन्मात विसरायचे नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी शाळेच्या निवृत्त मोठ्या बाईंना कवळी करून दिली. दिसायला अशी, की जन्मापासूनचेच दात वाटावेत. पण 'स' म्हटला की बारीक शिट्टी वाजायची. नेहमी नाही, मधूनच. आणि काकांसमोर बसल्या की हटकून वाजायची नाही! काका हैराण.

"काका, त्या चॅटबॉटला विचारून बघा ना," पुतणी म्हणाली आणि तिने त्यांच्या फोनवर ॲप टाकून दिलं. "काहीही विचारा. लाजू नका."

काकांनी हात पुसले, चष्मा सारखा केला आणि परक्या माणसाशी बोलताना पाळायची रीत पाळली. एका बोटाने टाइप केलं, 'नमस्कार. जेवलात का?'

उत्तर आलं, 'नमस्कार! मी जेवत नाही, पण आपुलकीने विचारलंत, छान वाटलं. तुम्ही जेवलात का?'

"अगं, उलट विचारतंय मला!" काका खुर्चीतून उठलेच. "वळण चांगलं आहे हो!"

मग त्यांनी लिहिलं, 'कवळीबद्दल सांगा.' त्यासरशी कवळीचा इतिहास, प्रकार, निगा असं लांबच लांब पुराण सुरू झालं. वाचता वाचता काकांचा चहा गार झाला. "हे तर मीच याला शिकवीन," ते कुरकुरले.

पुतणी हसली. "दवाखान्यात येऊन कोणी नुसतं 'दात' म्हणून गप्प बसलं तर मी काय करू? कुठला, कधीपासून, काय होतंय, सगळं सांगावं लागतं ना? तसंच याला सांगा."

हे मात्र काकांना पटलं. त्यांनी मोठ्या बाईंची सगळी हकिगत लिहून काढली, फक्त नाव तेवढं घातलं नाही. उत्तरात पाच उपाय आले. पहिलाच, पुढचे दात थोडे घासून कमी करा.

"दात घासून कमी करा? माझे? वेड लागलंय याला!" काका कडाडले. पण हार मानायचा त्यांचा स्वभाव नव्हता. नुसतं टेबलाशी बसवून 'बोला' म्हटलं की बाई जपून बोलतात, तिथेच घोडं अडतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वेगळीच मागणी केली, 'सगळे शब्द स ने सुरू होतील असं एक गमतीदार वाक्य दे. म्हणणारा हसला पाहिजे.'

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वाक्य हजर. 'सुस्त सशाने सकाळी सासूच्या सोफ्यावर सांडलेली सगळी साखर सावकाश संपवली.' खाली टीप, 'या वाक्यात स हे अक्षर पंधरा वेळा आलं आहे.'

काकांनी बोटांवर मोजलं. परत मोजलं. मग पुढच्या खोलीकडे धावले. तिथे पुतणी एका गृहस्थांची दाढ तपासत होती.

"बाराच आहेत! पंधरा म्हणतंय, बाराच आहेत! एवढं शहाणं, पण मोजता येत नाही बिचाऱ्याला!"

लगेच त्यांनी चूक दाखवून दिली. उत्तर आलं, 'तुमचं बरोबर आहे. बाराच आहेत. माफ करा.'

"बघ," काका पुतणीला म्हणाले, "चूक कबूलही केली. तुझ्या बापाने साठ वर्षांत एकदा केली असेल तर शपथ!"

दाढवाले गृहस्थ आ वासलेल्या तोंडाने हसू लागले आणि "हसवू नका हो, दुखतं," असं काहीतरी पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. वाक्य वाचून आधी भुवया चढवल्या. "ससा सासूच्या घरी कशाला जाईल?" मग म्हणू लागल्या, आणि सशापाशीच हसू फुटलं. हसत हसत पुन्हा पहिल्यापासून म्हणताना जपून बोलायचं भान गेलं. 'सुस्त'ला शिट्टी! 'सोफ्यावर'ला शिट्टी!

"सापडली!" काकांनी टाळी वाजवली. ओठ गोल झाले की टाळूला वारा पळायला जागा उरत होती. त्यांनी वरच्या कवळीला पुढच्या दातांमागे मेणाचा पातळ थर दिला. "म्हणा आता."

सुस्त सशाने साखर संपवली, शिट्टी नाही. भरभर म्हटलं, नाही. बाईंनी काकांच्या हातून फोन घेतला आणि स्वतःच हुकूम सोडला, "अजून दहा वाक्यं. अवघड." दहाही म्हणून झाली. दोघं शाळकरी पोरांसारखी खिदळत होती.

मग बाईंनी पर्समधून स्वतःचा फोन काढला. "दोन महिने बहिणीला नुसते मेसेज पाठवतेय. एकदा फोनवर शिट्टी ऐकून ती हसली होती."

पलीकडून फोन उचलला गेला. "हॅलो, सुमे! सकाळपासून सारखी तुझी आठवण येत होती!" बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. एकही शिट्टी नाही. पलीकडून जो आरडाओरडा झाला तो काकांनाही ऐकू आला.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. बाईंचं बोलणं थांबेना. काका हातवारे करू लागले.

"बाई, ते मेण आहे! तात्पुरतं आहे! कवळी परत द्या, पक्कं करायचंय!"

बाईंनी हात उंचावून त्यांना गप्प केलं, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बहिणीला सशाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.