सध्या कंसात

दोन्ही हात समोर धरायचे, प्रत्येक हाताच्या अंगठ्याचा आणि तर्जनीचा एकेक चौकोनी कंस करायचा, आणि त्या दोन कंसांमधल्या रिकाम्या हवेकडे पाहत म्हणायचं, "हे सध्या कंसात." की लगेच पुढचा विषय. भाजीवाल्याशीही काकांचं असंच चाले. "भेंडी ठरली, टमाटर ठरले. कोथिंबीर सध्या कंसात." तो बिचारा काही न कळून एक जुडी पिशवीत टाकून मोकळा होई.

नोकरी सुटते पण तिची लकब सुटत नाही, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे काका, नात्यातले नव्हेत, नुसते म्हणायचे काका, परराष्ट्र खात्यातले. उभी हयात वकिलातींत गेली आणि निवृत्तीनंतर जबलपूरला, सिव्हिल लाइन्समध्ये थोरल्या बहिणीकडे येऊन राहिले.

मी आणि माझा दादा घरोघरी इंटरनेट जोडून देतो. दुकान गोहलपुरात. काकांच्या बहिणीकडचं नेट बंद पडलं म्हणून आम्ही गेलो, तर हे खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले. दादानं तार सोलली. आतला केसासारखा धागा काकांनी बोटावर घेतला.

"ही एवढीशी?"

"काच आहे काका, बोटात जाईल," दादा म्हणाला.

"अरे भाऊ, हिच्यापायी मी अर्धी नोकरी भांडलो. अन् आज पाहून राहिलो."

दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या दुकानात चहाला येऊ लागले. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी तांदूळ आणि कापसाच्या वाटाघाटीत काढली. मग इंटरनेट आलं आणि सरकारनं त्यांना तिकडे बसवलं. तारेतून जाणारं गाणं हा माल समजायचा का, त्यावर कर लावायचा का, लोकांची माहिती कोणत्या देशात ठेवायची, असले ते प्रश्न. वाद झालेला मजकूर कंसात टाकायचा आणि पुढे सरकायचं, ही त्या लोकांची रीत. शेवटी एकेक कंस सोडवत यायचं.

पण त्या रीतीला एक अट होती, आणि ती सांगताना काकांचा चहा निवून जाई. "जोवर सगळं ठरत नाही, तोवर काहीच ठरलेलं नाही." एका करारासाठी त्यांनी वर्षानुवर्षं खपून सगळे कंस सोडवले होते. एक ओळ उरली, लोकांची माहिती ठेवायची कुठे ती. तिच्यावरून अख्खा करार फिसकटला. "बाकी सगळं ठरलं होतं रे," ते म्हणत. मला त्यांची फार दया येई.

त्याच वर्षी आमचं दोघा भावांचं बिनसलं. दादाला शहराबाहेर पार सिहोऱ्यापर्यंत तारा न्यायच्या होत्या. मी म्हणत होतो, आधी गोहलपूर नीट सांभाळू. शब्दाला शब्द वाढला. वहिनीचा डबा बंद झाला. एकाच घरात दोन वेगळे स्वयंपाक होऊ लागले आणि आई दोन्हीकडे घासभर खाऊन उठू लागली. दुकान फुटलं तर घरही फुटणार, हे दोघांनाही दिसत होतं. पण आधी मागे कोण सरणार?

"वकिलाकडे काहून जाता? मी बसलो ना रिकामा," काका म्हणाले.

रविवारी अर्धं शटर पाडून त्यांनी आम्हाला समोरासमोर बसवलं. आधी तीच अट सांगितली आणि दोघांकडून 'मंजूर' म्हणवून घेतलं. मग वाटणी भराभर झाली. गोहलपूरच्या गल्ल्या मला. सिहोरा दादाला. तार जोडायची मशीन दादाला, दुकानाची जागा मला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

राहिला दुकानाचा मोबाइल नंबर. तो मूळ आमच्या बाबांचा. ते गेले तरी सगळे ग्राहक त्याच नंबरावर फोन करतात. नंबराचे काही दोन तुकडे होत नाहीत.

"नंबर मी नाही सोडणार," दादा म्हणाला.

"मीही नाही," मी म्हणालो.

काकांचे हात वर आले. "हे सध्या कंसात."

"मग बाकीचं उद्यापासून लागू?" दादानं विचारलं.

"बाकीचं काय? काहीच ठरलं नाही अजून. उद्या दुकान दोघंही उघडा."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. काका घाई करीत नव्हते, चहा मागवत होते. मध्येच एका आंधीत अर्ध्या मोहल्ल्याच्या तारा लोळल्या. बाबांचा नंबर दिवसभर वाजत राहिला. मी खाली फोन घेऊन पत्ते सांगत होतो आणि दादा खांबावर चढून तारा जोडत होता. दुपारी तो वरूनच ओरडला, "काहून रे, जेवला का नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली. "वहिनीनं दोघांचा डबा भरला आहे, घे," तो म्हणाला. तो खाली उतरेपर्यंत मी डबा उघडला नाही. महिनाभरानं आम्ही दोघं एकाच बसनं सिहोऱ्याला खांब पाहायला गेलो.

मागच्या थंडीत काकांची बहीण वारली आणि काका मुलीकडे कायमचे निघाले. जाण्याआधी दुकानात आले.

"त्या कंसाचं काय झालं?"

"तसाच आहे काका," दादा म्हणाला.

"म्हणजे हाही करार फिसकटला?"

"फिसकटला काका. बरं झालं."

ते स्टुलावर बसले, चष्मा काढला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हे सगळं त्यांनी जाणूनबुजून केलं की नुसत्या सवयीनं, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी चहा गरम असतानाच संपवला.

आता स्टूल रिकामं असतं. आमच्या कुरबुरी होतच राहतात, भाऊच आहोत. आवाज चढू लागला की दादा हात वर करून कंस काढतो. दुसऱ्या हातात पक्कड असते, म्हणून त्याला एकच काढता येतो. समोरचा मी काढतो.