सांगून जायचं

बाईंना शाळेत नाव पडलं होतं 'सांगूनबाई'. ठेवलं कुणी हे कुणालाच ठाऊक नाही. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "चला, निदान काहीतरी डोक्यात शिरलंय म्हणायचं."

हायस्कूलच्या तळमजल्यावर, अगदी टोकाला, बाईंचा शिशुवर्ग होता. बुटकी टेबलं, बुटक्या खुर्च्या, भिंतीवर मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर पिशव्यांचे हूक. पुढे बालवाडीत किंवा पाळणाघरात नोकरी करायची म्हणून वरच्या वर्गातल्या ज्या मुलामुलींनी बालशिक्षण हा विषय घेतलेला असे, ती सकाळी पुस्तकातून शिकत आणि मग खाली येऊन शिशुवर्गात काम करत. पुस्तकात मुलाच्या वाढीचे टप्पे छान आखलेले होते. खाली आलं की एक टप्पा दुसऱ्या टप्प्याच्या बुटात पाणी ओतत बसलेला असे.

"पोरं सांभाळायला शिक्षण कसलं डोंबलाचं लागतं?" असं दरवर्षी कुणा ना कुणाचे आईवडील म्हणायचेच. बाईंनी त्याला उत्तर देणं केव्हाच सोडून दिलं होतं.

त्यांचे नियम साधे होते. नव्या विद्यार्थ्यानं पहिले काही आठवडे नुसतं कोपऱ्यात बसून बघायचं, आणि तेही स्वतःच्या हातांवर बसून, म्हणजे मदतीला धावायचा मोह होत नाही. पण खरा नियम होता तो सकाळी दाराशी. मुलाला सोडायला आलेल्या माणसानं मुलाला सांगून जायचं. त्याला खेळण्यात गुंतवून मागच्या मागे सटकायचं नाही. "रडेल," आया म्हणायच्या. "रडू दे," बाई म्हणायच्या. "रडणारं मूल सांभाळता येतं. फसवलेलं मूल नाही सांभाळता येत." आणि विद्यार्थ्यांना ताकीद अशी, की 'आत्ता येईल', 'पाच मिनिटांत येईल' असली वेळ मारून न्यायची भाषा वर्गात चालणार नाही. दूध होईल, झोप होईल, मग बाबा येतील, असं मुलाला दिसेल असं सांगायचं.

त्या वर्षी बालशिक्षणाच्या विद्यार्थ्यांत एक मुलगी होती. तिच्या हातापायांना कधी स्वस्थता नव्हती, म्हणून तिला सगळे लगबग म्हणायचे. आई शिलाईच्या कारखान्यात. धाकट्या दोन भावंडांना हिनंच वाढवलेलं. जवळच्या हॉस्पिटलच्या पाळणाघरात एक जागा निघणार होती आणि बाई ज्याचं नाव देतील त्याला ते घेणार होते. लगबगला ती जागा हवी होती. नाही मिळाली तर आईनं तिच्यासाठी कारखान्यात शब्द टाकूनच ठेवला होता.

एका सकाळी गोटी नावाचं एक गोल चेहऱ्याचं पोरगं दाराशी आकांत करत होतं. त्याचे बाबा रीतसर सांगून निघाले होते, पण त्याला ते पटलं नव्हतं. इकडे कुणाचं दूध सांडलं होतं, तिकडे कुणी कुणाला चावलं होतं. लगबग त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "रडू नको. बाबा गाडी लावायला गेलेत. आत्ता येतील."

गोटी गप्प झाला. लगबगला वाटलं, जमलं आपल्याला.

गोटी पाठीवरची पिशवी न काढता दाराशी बसला. दूध प्यायला नाही. सगळे झोपले, तो झोपला नाही. शू लागली तरी उठला नाही. उठला आणि तेवढ्यात बाबा आले तर? चड्डी ओली झाली तरी बसूनच राहिला. संध्याकाळी बाबा आले तेव्हा तो त्यांच्याकडे धावला नाही. आधी त्यानं वळून लगबगकडे पाहिलं.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "उद्यापासून व्हरांड्यातल्या नळावर ठोकळे आणि खेळणी धुवायची. मी म्हणेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही."

लगबग मुकाट्यानं ठोकळे धुऊ लागली. गोटी रोज दाराशी पिशवी पाठीला लावून बसू लागला. आता तो खऱ्यावरही विश्वास ठेवत नव्हता. अधूनमधून ती विचारायची, "बाई, मी आत कधी येऊ?"

"बघू," बाई म्हणायच्या. 'बघू' हा शब्दही वर्गात चालत नसे. पण तो नियम छोट्या मुलांपुरता असावा.

आणि हे सगळं असं लटकलेलं असतानाच बाईंच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. "बाई, छोट्यांना काही सांगू नका. त्याच दिवशी तपासणीला माणसं यायची आहेत, रडारड नको. हळूच निघा. मुलांचं काय, चार दिवसांत विसरतात."

यावर बाईंनी काय म्हणावं? जन्मभर ज्या गोष्टीसाठी आयाबापांशी भांडल्या, त्या गोष्टीवर त्या 'बरं' म्हणून खोलीबाहेर आल्या. आज्ञाधारकपणा वगैरे काही नव्हतं ते. दुसऱ्यांना निरोप घ्यायला लावणं निराळं आणि स्वतः घेणं निराळं. बाई घाबरल्या होत्या.

घरी त्यांची थोरली बहीण होती, आक्का. मटार सोलता सोलता तिनं विचारलं, "पोरांना सांगितलंस?"

"नको गं. रडतील उगीच."

"पोरं रडतील की तू?" आक्का म्हणाली. आणि वर पुस्ती जोडली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." उरलेली अर्धी म्हण बाईंना पाठ होती. त्या उठून आत गेल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी मुलं झोपल्यावर बाईंनी पिशवी उचलली. खोलीत त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाई होत्या. तपासणीची माणसं वरच्या मजल्यावर होती. दाराशी गोटी जागाच होता.

"बाई, तू कुठे चाललीस?"

"आत्ता येते हं," बाई म्हणाल्या.

व्हरांड्यात नळ बंद झाल्याचा आवाज आला. लगबग ओला ठोकळा हातात धरून उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिच्या नजरेत टोमणा नव्हता. उलट तिलाच शरमल्यासारखं झालं होतं. बाई तिच्यासमोरून गेल्या, पटांगण ओलांडून फाटकाशी पोचल्या, आणि तिथून पुढे काही पाय निघेना. हे पोरगं आता संध्याकाळपर्यंत बसणार. आणि उद्या. उद्या दाराशी कुणीही काहीही सांगितलं तरी याला ते खरं का वाटावं?

त्या परत फिरल्या.

"आलीस," गोटी म्हणाला. त्याला नवल वाटलं होतं.

आता एवढ्यावरही निभावलं असतं म्हणा. शब्द तर खरा झाला होता. पण बाई एका बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आणि मुलं उठायची वाट पाहू लागल्या. ती एकेक करून उठली, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं इथलं काम संपलं. मी आज घरी जाणार आहे, आणि उद्या येणार नाही. परवाही नाही. आता रोज नव्या बाई येतील."

"तुला बरं नाहीये का?" एकानं विचारलं.

"मग तुझी ती टेबलावरची पट्टी मला देशील?" दुसरी म्हणाली. तिसरीनं भोकाड पसरलं आणि तिचं पाहून आणखी दोघांनी. वर तपासणीवाल्यांना नक्कीच ऐकू गेलं असणार. ऐकू देत.

गोटी रडला नाही. त्यानं विचारलं, "आणि ती ताई? ती येणार?"

लगबग उंबऱ्याबाहेर उभी होती. एवढा गलका चालला होता, हात शिवशिवत होते, तरी बाईंनी सांगितल्याशिवाय तिनं पाऊल आत टाकलं नव्हतं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "तू केलंस तेच आज मी केलं. ऐकलंस ना?" मग नव्या बाईंकडे वळून म्हणाल्या, "हॉस्पिटलच्या पाळणाघराला हिचं नाव कळवा. मी दिलंय म्हणून सांगा."

लगबग आत आली आणि गोटीसमोर गुडघ्यांवर बसली.

"तू उद्या येणार?" त्यानं विचारलं.

'हो' तिच्या ओठांवरच होतं. ते तिनं गिळलं, आठवून पाहिलं, मग सावकाश म्हणाली, "उद्या येईन. परवा आमची परीक्षा आहे, परवा नाही येणार. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन."

गोटीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाठीवरची पिशवी काढली आणि जाऊन हुकाला अडकवली.

बाई त्याच्याजवळ गेल्या. "गोटी, मी जाते."

"जा," तो म्हणाला.